ट्रस्टच्या नावाखाली मामांना घातलेला गंडा

माझे मामा-मामी इंदूरला लोकमान्यनगरात राहतात. घर मामांनी नोकरीत असताना कर्ज काढून बांधलेलं. मुलगा पुण्यात, मुलगी बडोद्याला. आपल्यामागे दोघांना निम्मं-निम्मं मिळावं, एवढीच त्यांची इच्छा. यात सव्वादोन लाख जावेत असं काहीच नाही. पण गेले, आणि कसे गेले ते इथे लिहितेय, कारण तो माणूस अजून कुठल्यातरी कॉलनीत चहा पीत बसला असणार.

गृहस्थ मराठी, म्हणजे 'आपला माणूस'. 2024 च्या गणेशोत्सवात एका मंडळात तो 'वारसा नियोजना'वर बोलला आणि पुढच्याच आठवड्यात घरी आला. त्या वर्षी लोकसभेच्या प्रचारात वारसाकराचा वाद गाजला होता, त्याचा त्यानं पुरेपूर उपयोग केला. "काका, कर आला की मुलांच्या हाती निम्मंच लागेल. वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, केलंत तर प्रोबेटसाठी, म्हणजे ते खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यासाठी, मुलं कोर्टाचे उंबरठे झिजवतील. घर आत्ताच फॅमिली ट्रस्टमध्ये टाका, ट्रस्टी ते मुलांसाठी सांभाळेल."

कर आणि प्रोबेट, दोन्ही थापा. इस्टेट ड्युटी, म्हणजे वारसाकर, 1953 साली आली आणि 1985 मध्ये गेली. तेव्हापासून आपल्याकडे वारसाकर नाही. प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, कोलकाता, चेन्नईकडच्या मिळकतींना. इंदूरच्या घराचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मामीला शंका आली होती. "रजिस्ट्रीला आम्हाला यावं नाही का लागणार?" तर म्हणाला, "काकू, आता सगळं ऑनलाइन. या वयात रांगेत कशाला?" फी वेगळी घेतली, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रीचे वेगळे. बदल्यात आला स्टॅम्प पेपरवरचा जाडजूड ट्रस्ट डीड, नोटरीचा लाल शिक्का आणि एक पावती.

बिंग बँकेत फुटलं. मामा एफडी ट्रस्टच्या नावावर करायला गेले, तर मॅनेजरबाईंनी ट्रस्टचं पॅन मागितलं. ते नव्हतंच. मग उपपंजीयक कार्यालयात, म्हणजे जिथे दस्त रजिस्टर होतात तिथे, पावतीवरचा नंबर दाखवला. तो भलत्याच कुणाच्या दस्ताचा निघाला.

यानंतर आम्ही तो डीड पहिल्यांदा नीट वाचला. मॅनेजिंग ट्रस्टी तो स्वतः. घर विकण्याचे, गहाण टाकण्याचे अधिकार त्याच्याकडे. दरवर्षी त्याला मानधन. ट्रस्ट मोडायचा तर त्याची संमती हवी. मामा-मामींना फक्त 'राहण्याची मुभा'. स्वतःच्या घरात!

वकीलसाहेबांनी कागद चाळला आणि हसले. भारतीय न्यास अधिनियम 1882 च्या कलम 5 प्रमाणे, हयातीत घराचा ट्रस्ट करायचा तर दस्त रजिस्टर व्हावाच लागतो. नोटरीचा शिक्का इथे कुचकामी. म्हणजे हा ट्रस्ट झालाच नव्हता. त्यानं रजिस्ट्रीचे पैसे खाल्ले म्हणून घर वाचलं. प्रामाणिकपणे रजिस्ट्री करून दिली असती तर आज आम्ही कोर्टात असतो, कारण असा ट्रस्ट मनात आलं म्हणून मोडता येत नाही. वसीयत मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते.

ट्रस्ट वाईट असतो असं नाही. मूल अपंग असेल, लहान असेल, स्वतःचा व्यवहार सांभाळू शकत नसेल, तर तो खरंच उपयोगी पडतो. पण दोन कमावती, आपसांत गोडीनं राहणारी मुलं असताना कुणी तो गळ्यात मारत असेल, तर आधी ट्रस्टी कोण ते पान उघडा. आणि सरकारी फी दुसऱ्याच्या खात्यात भरू नका; दस्ताचा नंबर कार्यालयात जाऊन स्वतः पडताळा.

मामांनी नंतर साध्या कागदावर वसीयत केली. स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांनी मामांना सही करताना पाहिलेलं हवं. शेजारची दोन तरुण मंडळी बोलावली. मामा ऐंशीचे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला. रजिस्ट्री सक्तीची नसते, तरी करून घेतली. या वेळी मामा-मामी दोघंही कार्यालयात गेले.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. त्याचा फोन बंद आहे. पैसे परत येतील असं मला वाटत नाही, मामांना वाटतं.