अल्मा की वेब? धुळीतल्या जुन्या गॅलेक्सी शोधायला कुठला डेटा घ्यावा

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका मुलीने लिफ्टमध्ये गाठलं, एमएससीचं शेवटचं वर्ष, वाशीला कॉलेज, म्हणाली दादा, प्रोजेक्टला सुरुवातीच्या विश्वातल्या धुळीने भरलेल्या गॅलेक्सी घेतल्यात, सर म्हणतात अर्काइव्हमधला, म्हणजे इतरांनी आधीच घेऊन ठेवलेला, डेटा वापर पण कुठला ते तुझं तू ठरव, तर अल्मा (चिलीतला मिलिमीटर लहरी बघणाऱ्या डिशांचा ताफा) घेऊ की वेब (अंतराळातली इन्फ्रारेड दुर्बीण), सांग ना. मी सातव्या मजल्यापर्यंत बोललो, मग तिच्याच मजल्यावर उतरून पॅसेजमध्ये अर्धा तास बोललो, तिच्या आईने चहा आणून दिला तरी माझं उत्तर काही संपेना. म्हणून आता लिहूनच काढतो, म्हणजे तिलाही पाठवता येईल आणि अजून कोणी याच पेचात असेल त्यालाही.

आधीच सांगतो, मी खगोलशास्त्रज्ञ नाही. घोडबंदर रोडला घर, ऐरोलीला नोकरी, फिजिक्सची डिग्री घेऊन पंधरा वर्षं झाली आणि ती कामाला येते ती फक्त रात्री जेवणं झाल्यावर. पण दोन्हीकडचा डेटा स्वतः उतरवून, त्यावर डोकं आपटून झालंय, त्यामुळे जे सांगतोय ते अनुभवाचं, मोजून-मापून काढलेलं नाही. वेबचा आरसा केवढा, अल्माच्या डिश किती हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही.

तिसरा एक पर्याय लोक सुचवतात तो आधी बाजूला करतो, म्हणजे जुन्या एकट्या डिशचा किंवा हर्शेल या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीचा डेटा. आकाशाचे मोठे पट्टे मिळतात आणि दुर्मिळ मोठे मासे तिथेच गावतात हे खरं, रेडशिफ्ट (उजेड किती ताणला गेला त्याचं माप, जितकं जास्त तितकी गॅलेक्सी लांबची आणि जुन्या काळातली) ६.३४ वरची एचएफएलएस३ ही गॅलेक्सी हर्शेलच्याच सर्व्हेत सापडली. पण हर्शेलचा ५०० मायक्रॉनचा ठिपका साधारण ३६ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यात चार-पाच गॅलेक्सी सहज मावतात, आणि उजेड नेमका कोणाचा हे ठरवण्यातच वर्षं जातात. एचडीएफ८५०.१ चंच बघा. हबलच्या डीप फील्डमधला सबमिलिमीटरला (मिलिमीटरहून जरा लहान लहरींत) सगळ्यात तेजस्वी स्रोत, १९९८ साली हवाईच्या जेसीएमटी दुर्बिणीवरच्या स्कुबा कॅमेऱ्याने पकडला, आणि त्याचा रेडशिफ्ट ५.१८ आहे हे कळायला २०१२ उजाडलं. चौदा वर्षं! एमएससीचं प्रोजेक्ट सहा महिन्यांत द्यायचंय. आणि आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा अभिमान मलाही आहे, पण रेडिओत या गॅलेक्सी जितक्या लांब तितक्या फिक्या होत जातात, त्यामुळे सोबतीला ठीक, सुरुवातीला नको.

तर राहिले दोघं.

वेबचं कौतुक आधी, कारण ते मनापासून आहे. रविवारी दुपारी बसलात तर संध्याकाळच्या चहापर्यंत तुमच्या हातात रंगीत चित्र असतं. डॉन जेडब्ल्यूएसटी अर्काइव्हवर प्रोसेस करून, जोडून ठेवलेली मोठी चित्रं (मोझेइक) मिळतात, कच्च्या फ्रेममधल्या नॉइजच्या पट्ट्या पुसत बसावं लागत नाही. आणि जे दिसतं ते वेड लावणारं आहे, हबलला ज्या जागी काळोख दिसत होता तिथे ४.४४ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये लालबुंद गोळा उगवतो, कधी डिस्क दिसते, कधी दोन गॅलेक्सी एकमेकींत घुसलेल्या दिसतात. तारे किती, आकार कसा, शेजारी कोण हे सगळं वेबच सांगणार, अल्मा त्याच्या जवळपासही येत नाही. शिवाय एका फ्रेममध्ये शेकडो गॅलेक्सी, म्हणजे सॅम्पलची ददात नाही.

अल्मा त्यामानाने कंजूष. २३० गिगाहर्ट्झला एका पॉइंटिंगमध्ये जेमतेम २५ आर्कसेकंदांचा गोल दिसतो, म्हणजे कोणीतरी आधी नेमकं तिथेच बघितलेलं असायला हवं, नाहीतर तुमच्यासाठी तिथे काहीच नाही. विंडोजवर काम सरळ चालत नाही, लिनक्स नाहीतर मॅक लागतं. कच्चा डेटा कॅलिब्रेट करायचा तर कासा या सॉफ्टवेअरची तेव्हा वापरलेली तीच व्हर्जन शोधून टाकावी लागते. माझा पहिला डेटासेट सत्तर जीबीच्या वर होता, तीन रात्री डाउनलोडला लावला, दोन वेळा लाइट गेली, तिसऱ्या वेळी बायकोने विचारलं की हे नक्की कशासाठी चाललंय, आणि माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल मग वेबच घ्यावं की. मीही तेच केलं होतं. सगळं गाडं अडलं ते एकाच ठिकाणी, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे रस्त्याची, मेट्रोची कामं चालू झाल्यापासून गॅलरीच्या जाळीवर बोट फिरवलं तरी नाव लिहिता येतं. संध्याकाळी येऊरच्या डोंगरामागे सूर्य उतरतो तेव्हा त्या धुळीतून तांबडाभडक दिसतो, म्हणून तो लांब गेला असं कोणी म्हणत नाही. गॅलेक्सीच्या बाबतीत मात्र नेमकी हीच पंचाईत आहे, लांब असली तरी लाल आणि धुळीत असली तरी लाल, आणि वेबच्या चार-सहा फिल्टरवरून रेडशिफ्ट काढायला गेलं की कोड दोन्ही उत्तरं पुढ्यात ठेवून गप्प बसतो.

माझी गॅलेक्सी कॉसमॉस फील्ड नावाच्या आकाशाच्या तुकड्यातली होती. कॉसमॉस-वेब सर्व्हेत वेबच्या निअरकॅम कॅमेऱ्याचे चारच फिल्टर आहेत, १.१५, १.५, २.७७ आणि ४.४४ मायक्रॉन. माझा ठिपका पहिल्या दोनांत गायब, पुढच्या दोनांत ठणठणीत. फिटिंग चालवलं तर शक्यतेच्या आलेखाला उंटासारखी दोन मदारं, एक ३.५ ला आणि एक १२.५ ला. टेम्पलेट (ज्याच्याशी जुळवायचं तो नमुना) बदललं की मोठं मदार छोटं व्हायचं, धुळीची मर्यादा थोडी वाढवली की परत उलटं. चार महिने हा खेळ चालला. ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. हायड्रोजनमुळे गॅलेक्सीचा उजेड दोन ठिकाणी एकदम तुटतो, लायमन-अल्फाचा कडा ०.१२१६ मायक्रॉनला आणि बामरचा ०.३६४६ ला, म्हणजे बरोबर तिप्पट. रेडशिफ्टमध्ये एक मिळवून त्याने गुणलं की कडा आपल्याला कुठे दिसेल ते कळतं, १३.५ गुणिले ०.१२१६ किंवा ४.५ गुणिले ०.३६४६, दोन्हीचं उत्तर १.६४! विश्व ३५ कोटी वर्षांचं असतानाची गॅलेक्सी आणि १८० कोटी वर्षांचं असतानाची गॅलेक्सी, दोघींचा उजेड एकाच जागी तुटतो, आणि त्या जागेनंतर माझ्याकडे थेट २.७७ चा फिल्टर. यात दुर्बिणीचा काडीचाही दोष नाही, निसर्गानेच तीनचा पाढा लावून ठेवलाय त्याला ती काय करणार.

मोठमोठ्या लोकांनाही हा चकवा लागलाय म्हणून मी फार लाजत नाही. वेबच्याच सीअर्स सर्व्हेतली ९३३१६ नंबरची गॅलेक्सी २०२२ मध्ये रेडशिफ्ट १६.४ ची म्हणून गाजली, पुढच्या वर्षी स्पेक्ट्रम आला तर ४.९. तिथे धुळीच्या जोडीला गॅलेक्सीच्या स्वतःच्या तेजस्वी रेषांनी फिल्टर फुगवले होते, पण १७.४ ला ५.९ ने भागून बघा, परत जवळपास तीनच.

मी मात्र स्पेक्ट्रमची वाट न बघता शहाणपणा केला. आम्ही दहा-बारा हौशी लोक महिन्यातून एकदा ठाण्यात जमतो, तिथे १२.५ ची स्लाइड लावली, टाळ्याबिळ्या झाल्या. मागे एक काका बसतात, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आता रिटायर्ड. ते शांतपणे म्हणाले, "अरे, धूळ असेल तर ती ताऱ्यांचा उजेड पिऊन तापली असेल ना? मग ती ऊब कुठे शोधलीस का?"

नव्हती शोधली. घरी आल्या आल्या अल्माच्या अर्काइव्हमध्ये कोऑर्डिनेट टाकले. नशीब बघा, कोणीतरी शेजारची दुसरीच गॅलेक्सी बघायला १.२ मिलिमीटरला अर्धा तास लावला होता आणि माझा ठिपका त्या गोलाच्या कडेला येत होता. यावेळी कच्चा डेटा नाही मागवला, तयार एफआयटीएस चित्र फक्त, काही एमबींची फाइल. उघडली आणि तिथे सहा सिग्माचा, म्हणजे नॉइजच्या सहापट, पांढरा ठिपका. चार महिन्यांचा वाद पाच मिनिटांत मिटला, कारण ३५ कोटी वर्षांत एवढी धूळ साठवणं जवळपास अशक्यच. ३.५ वालं मदार राहिलं, १२.५ वालं गेलं. पुढच्या मीटिंगला स्लाइड बदलून नेली, टाळ्या कमी पडल्या, काका हसले.

इथेच माझं पारडं झुकलं. अल्मा त्या लाल रंगाच्या भानगडीत पडतच नाही, ती धुळीची ऊब थेट बघते, अंधाऱ्या खोलीत इस्त्री तापलीये की नाही ते हात जवळ नेला की कळतं तसं. वर निसर्गाने इथे एक सूटही दिलीये, गॅलेक्सी जितकी लांब तितका तिच्या धुळीच्या उजेडाचा ठळक भाग ताणून सबमिलिमीटरकडे सरकतो, त्यामुळे ८५० मायक्रॉनला रेडशिफ्ट २ वरची आणि ६ वरची सारखीच गॅलेक्सी साधारण तितक्याच तेजाची दिसते. बाकी कुठेही अंतराचा एवढा मोठा डिस्काउंट मिळत नाही.

अर्थात अल्माच्या नुसत्या ठिपक्यावरून नेमका रेडशिफ्ट निघत नाही हेही कबूल करतो. रेडशिफ्ट २ वरची ३० केल्विनची धूळ आणि ५ वरची ६० केल्विनची धूळ, दोन्ही इथून १० केल्विनच्याच वाटतात, म्हणजे तिथेही जुळ्यांचं दुखणं आहेच. नक्की आकडा हवा तर स्पेक्ट्रममधल्या रेषा लागतात. कार्बन मोनॉक्साइडच्या दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर ११५.२७ भागिले एक अधिक रेडशिफ्ट इतके गिगाहर्ट्झ, त्यामुळे दोन सापडल्या की विषय संपला, एकच सापडली तर परत अंदाज. अर्काइव्हमध्ये दोन रेषा मिळणं हा लॉटरीचा भाग आहे. पण "ही खरंच धुळीची आहे का" या प्रश्नाला अल्मा हो म्हणाली की ते हो असतं, आणि प्रोजेक्टच्या व्हायव्हाला उभं राहताना मला तरी तेवढा एक खिळा ठोकलेला हवा.

मग माझा सल्ला विचाराल तर, ज्याला शंभर गॅलेक्सींचे आकार, ताऱ्यांची वस्तुमानं, छान चित्रं असं काम करायचंय त्याने खुशाल वेब घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण विषयाच्या नावातच धूळ असेल तर यादी अल्माकडून करा आणि त्या यादीतल्या गॅलेक्सी वेबमध्ये शोधा, माझ्यासारखं उलटं करू नका. ए३कॉसमॉस नावाचा कॅटलॉग आहे, कॉसमॉस फील्डमधली अल्माची सगळी सार्वजनिक निरीक्षणं चाळून केलेला, सुरुवातीला तो उत्तम. फील्ड निवडताना सांभाळा, अल्मा चिलीत विषुववृत्ताच्या २३ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे कॉसमॉस आणि गुड्स-साउथ दोन्ही मस्त दिसतात, पण सीअर्सची पट्टी आणि गुड्स-नॉर्थ तिच्या आवाक्यात नाहीत, तिथल्या गॅलेक्सींसाठी फ्रान्सच्या आल्प्समधल्या नोएमा या दुर्बिणीकडे जावं लागतं. आमच्या एका मित्राने दोन आठवडे गुड्स-नॉर्थमध्ये अल्माचा डेटा शोधला होता, नाव सांगत नाही.

अजून एक, ठिपका शोधताना प्रायमरी बीम करेक्शन (गोलाच्या कडेला दुर्बिणीची नजर मंदावते त्याची भरपाई) न केलेलं चित्र वापरा, नाहीतर कडेचा नॉइज फुगून खोटे ठिपके दिसतात, तेज मोजताना मात्र करेक्शन केलेलं घ्या. आणि वेबच्या गोळ्यावर अल्माचा ठिपका बरोबर बसला नाही तर लगेच घाबरू नका, तारे एकीकडे आणि धूळ जरा बाजूला असं या गॅलेक्सींमध्ये बऱ्याचदा असतं.

त्या मुलीने शेवटी अल्मा घेतलं असं कालच तिच्या आईकडून कळलं, लॅपटॉपवर लिनक्स टाकायला रविवारी बोलावलंय, पोहे आहेत. जाताना एवढंच सांगणार आहे की कच्चा डेटा मागवायचाच झाला तर शुक्रवारी डाउनलोड लावू नकोस, आपल्या भागात मेंटेनन्सला लाइट त्याच दिवशी जाते.