झडपेचा की खिटीचा? जुना १५४१ घेण्याआधी

कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक घरात आहे, चालतोय, आणि आता जोडीला फ्लॉपी वाचणारा १५४१ डिस्क ड्राइव्ह शोधताय? मग विकणाऱ्याने टाकलेल्या फोटोत आधी ड्राइव्हचं तोंड बघा. कमोडोरने या ड्राइव्हमध्ये वेगवेगळ्या पुरवठादारांची यंत्रणा बसवली. एकात डिस्क आत सरकवून खाली दाबायची झडप असते, दुसऱ्यात आडवी-उभी फिरवायची खिटी. डबा तोच आणि कामही तेच, फक्त बिघडायची तऱ्हा वेगळी. माझ्याकडे दोन्ही होते. जर्मनीत ब्राउनश्वाइगला नोकरीला असताना जुन्या बाजारातून घेतले. कमोडोरचा कारखाना एके काळी याच गावात होता. परत येताना दोन्ही पुण्याला आणले. तिकडची वीजही आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची असल्याने ट्रान्सफॉर्मर बदलावा लागला नाही. अमेरिकेतून मागवणार असाल तर व्होल्टेज कमी करणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरा.

नेहमीची कामं दोघांनाही सारखीच. डिस्क वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, त्यावर टेकणारी फेल्टची गादी झिजली नाही ना ते बघायचं, सरकायच्या दांड्यांवरचं घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढायचं. डिस्क फिरवणारा पट्टा सैल असेल तर नवा घालायचा. वेगाचं मात्र थोडं सांगतो, कारण त्यात लोक उगीच अडतात. खालच्या चाकावर स्ट्रोबच्या, म्हणजे विजेच्या दिव्याच्या लुकलुकीत बघून वेग तपासायच्या खुणा छापलेल्या असतात. ५० हर्ट्‌झची ओळ स्थिर दिसली म्हणजे मिनिटाला ३०० फेरे बरोबर. एलईडी दिव्याखाली ती ओळ नीट दिसेलच असं नाही. मी त्यासाठी चोकवाली जुनी ट्यूबलाइट जपून ठेवली आहे.

आता झडपवाला. त्याची खोड सर्वश्रुत आहे: हेडची जागा हलते. १५४१ मध्ये पहिला ट्रॅक (डिस्कवरचं माहितीचं एक वर्तुळ) ओळखणारा सेन्सरच नाही. आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं की ड्राइव्ह हेडला मागे ढकलत अडथळ्यावर आपटतो. ती खडखड ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. त्यात त्या काळच्या कितीतरी गेममध्ये नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम चुका पेरलेल्या असत. दर वेळी चूक वाचली की पुन्हा आपटणं. अशाने हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेली कप्पी हळूहळू सरकते. लक्षण अगदी ठरलेलं: स्वतः फॉरमॅट केलेली डिस्क ड्राइव्ह बिनतक्रार वाचतो, पण कंपनीची मूळ डिस्क घातली की अडखळतो.

माझा झडपवाला असाच आला होता. स्टेपर मोटरचे दोन स्क्रू किंचित सैल केले, मूळ जागेवर आधी पेन्सिलने खूण केली, आणि एक मूळ डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला लावत मोटर केसभर फिरवत गेलो. डिरेक्टरी, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची यादी, १८व्या ट्रॅकवर, म्हणजे साधारण मधोमध असते. ती दिसली म्हणून थांबायचं नाही. पहिला आणि ३५वा ट्रॅकही वाचता यायला हवा. दोन संध्याकाळी गेल्या. पण प्रत्येक वळणाला काहीतरी बदलत होतं, चुका कमी-जास्त होत होत्या, आपण कुठे चाललोय ते कळत होतं.

खिटीवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तो दिसायला देखणा, आवाजाला मऊ, डिस्क बसल्याची खात्री हाताला लगेच कळते. माझ्याकडच्याची जागाही हललेली नव्हती. आल्या आल्या चालला, म्हणून मीही त्यालाच मुख्य ड्राइव्ह करायचं ठरवलं होतं. मग अर्ध्या तासाने लाल दिवा लुकलुकायला लागला. गार झाला की पुन्हा ठीक. ट्रान्सफॉर्मर डब्यातच असल्याने हा ड्राइव्ह तापतोच, म्हणून आधी उष्णतेवर संशय घेतला. झाकण काढून चालवला. ५ आणि १२ व्होल्ट मोजले, दोन्ही ठीक. सॉकेटमधल्या चिपा काढून पुन्हा बसवल्या. पट्टा बदलला, हेड तीनदा पुसलं. ड्राइव्ह ज्यावरून चुकांचे क्रमांक कळवतो त्या एरर चॅनेलवर कधी २१, कधी ७४. म्हणजे डिस्क फिरतेय, पण हेडला तिच्यावरच्या खुणाच दिसत नाहीत. पुढे गार असतानाही तेच व्हायला लागलं.

शेवटी हेडचं कनेक्टर काढून मल्टीमीटर लावला. हेडच्या वेटोळ्याचे दोन अर्धे भाग असतात आणि दोघांचा रोध जवळपास सारखा यायला हवा. एका बाजूला आकडा आला. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तार आत कुठेतरी तुटलेली. तिथे पोचणं माझ्या हातातलं नव्हतं, आणि दुसरं हेड मिळणार ते दुसऱ्या तशाच, तितक्याच वयाच्या खिटीवाल्यातून. तीन आठवडे बाकी सगळं निरोगी करून ठेवलं आणि ज्याला इलाज नाही तेच शेवटी सापडलं, हे मला फार लागलं.

एकदोन ड्राइव्हवरून निकाल देणं बरोबर नाही हे मी जाणतो. वर्षानुवर्षं चालणारे खिटीवाले बऱ्याच जणांकडे आहेत. पण हेड मरणं ही त्या यंत्रणेबाबत दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे. समोर खिटीवालाच असेल आणि विकणारा उघडू देत असेल, तर पैसे देण्याआधी मल्टीमीटर लावा, दोन मिनिटांचं काम आहे. उघडू देत नसेल तर निदान अर्धा-पाऊण तास चालू ठेवून मग मूळ डिस्क वाचायला लावा. १५४१-२ मिळत असेल तर तोही चांगला, पट्ट्याची कटकट नाही आणि वीजपुरवठा बाहेर असल्याने तापत नाही. फक्त तो बाहेरचा ठोकळा सोबत आहे ना ते विचारा.

दोन्ही सारख्या किमतीला समोर ठेवले तर मी झडपवाला उचलेन, जागा हललेला असला तरी. खिटीवाला मी फेकलेला नाही. त्याची मोटर आणि चिपा उत्तम आहेत, आणि त्याची एक चिप सध्या झडपवाल्यात बसून काम करते आहे.