घरचा टूलसेट: दुकानाच्या नावाचा घ्यावा की कारखान्याच्या?

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात पक्कड मागितली की बहुतेक दुकानदार काही न विचारता टापारिया कंपनीचीच पुढे करतो. तीच पक्कड ऑनलाइन शोधायला जावं तर शेजारी अ‍ॅमेझॉन बेसिक्ससारख्या, म्हणजे दुकानाच्याच नावाच्या, लेबलचा अख्खा सेट दिसतो, पेटीसकट, आणि नगामागे हिशोब लावला तर बराच स्वस्त. मग हात थबकतो.

दुकान स्वतः हत्यारं बनवत नाही. ऑर्डर देतं, नाव छापून घेतं. अमेरिकेत लोज या साखळी दुकानांनी १९९८ मध्ये कोबाल्ट हा ब्रँड काढला, तेव्हा त्यांचे पाने स्नॅप-ऑन या नावाजलेल्या हत्यार कंपनीच्याच विल्यम्सकडून येत. पुढे पुरवठादार बदलत गेले, माल तैवान-चीनहून येऊ लागला, नाव मात्र तेच राहिलं. सीअर्स या तिथल्याच दुसऱ्या साखळी दुकानांचा क्राफ्ट्समन हा ब्रँड १९२७ पासूनचा. २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने तो ब्रँडच विकत घेतला. त्यामुळे कुणी जुन्या पान्याची तारीफ केली तर ती त्या पान्यापुरतीच धरावी.

आपल्याकडे हातहत्यारांची मोठी पेठ म्हणजे पंजाबात जालंधर-लुधियाना आणि राजस्थानात नागौर. जालंधरचे फोर्जिंगवाले परदेशी ब्रँडसाठीही पाने बनवतात. टापारियाचा कारखाना नाशिकला, तर जेके फाइल्स कंपनीच्या कानशी रत्नागिरी जिल्ह्यात होत आल्या आहेत. म्हणजे ‘देशी-परदेशी’ या वादात फारसा अर्थ नाही. एकाच गावातून, कधी एकाच भट्टीतून, दोन प्रतींचा माल निघतो. पोलाद कोणतं, पाणी नीट दिलंय का (म्हणजे तापवून बुडवून कडक केलंय का), मापात किती फरक चालवून घ्यायचा आणि तपासणीत किती नग बाजूला काढायचे, हे ऑर्डर देणारा किती पैसे मोजतो त्यावर ठरतं. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हा मजबूत पोलादाचा शिक्का तर कुणीही मारू शकतो, आणि चकाचक क्रोमखाली काय आहे ते दिसत नाही.

खरा फरक पान्यात कळतो. ८ एमएमच्या बोल्टचं डोकं बहुधा १३ एमएमचं असतं. असा एक नवा बोल्ट खिशात घालून दुकानात जा आणि १३ चा पाना लावून हलवून बघा. चांगला पाना अंगासरशी बसतो. ढिला असेल तर तो फक्त कोपऱ्यांवर जोर देतो, आणि पाण्याच्या मोटारीच्या फ्लँजचा (पाईप जोडायच्या कडीचा) गंजलेला नट पहिल्याच झटक्यात गोल होतो. मग छिन्नी-हातोडी नाहीतर वेल्डरला फोन. स्वस्त सेटमध्ये हा ढिलेपणा एका मापात नसेल तर दुसऱ्यात सापडतो. माझ्या मते पान्यात काटकसर करूच नये. गोटी पान्यातही (सॉकेटमध्ये) गंजलेल्या नटासाठी बारा कोनी गोटीपेक्षा सहा कोनी बरी. गोटी फिरवायचा रॅचेट, म्हणजे मागेपुढे हलवून चालणारा दांडा, ७२ दात्यांचा असेल तर ५ अंशांवर पुढची पकड घेतो, २४ दात्यांचा १५ अंशांवर. अडचणीच्या जागी हा फरक लगेच जाणवतो.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. धारेच्या जागी फट दिसली की ठेवून द्या. द्राक्षबागेच्या मांडवाची तार ही तिची खरी परीक्षा: मऊ धारेवर खाच पडते, आणि पाणी जास्त झालं असेल तर कपची उडते. घरातली केबल टाय नि मऊ वायर तोडायला दुकानाच्या लेबलची पक्कडही वर्षानुवर्षं चालेल.

विजेच्या कामात मात्र रंगीत मुठीवर जाऊ नका. १००० व्होल्टचा आकडा आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असेल तरच ती आयईसी ६०९०० या विजेच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची पक्कड. आणि ती हातात असली तरी आधी मेन बंद करायचाच.

मेजरिंग टेप, कटर, लेव्हल, साधी हातोडी खुशाल स्वस्तातली घ्या. हातोडीचा दांडा तेवढा डोक्यात घट्ट बसलाय का ते बघा. एलन की (सहा कोनी, एल आकाराची किल्ली) मात्र स्वस्तातली नको. कोपरे झिजले की ती बोल्टही घेऊन जाते.

पाकिटावरचा बारीक मजकूर वाचायची सवय असू द्या. २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता लागतो, आयात माल असेल तर देशाचं नावही. उत्पादकाचं नाव असेल तर चांगलंच. नुसता पॅकर असेल तर माल कुठल्या भट्टीतला ते शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. नावाजलेल्या कंपनीचा डुप्लिकेट मालही बाजारात असतो, म्हणून ओळखीचं दुकान आणि बिल. पाना फाकला तर तो घेऊन परत जायला माणूस समोर असतो. ऑनलाइनची परतीची मुदत बहुधा पान्याला पहिला जोर लागायच्या आधीच संपते.

विश्रामबागेत फ्लॅट असेल, पडद्याचा रॉड नि नळाचा वॉशर एवढंच काम असेल, तर पेटीवाला सेट घ्या. तासगाव-वाळव्याकडे मोटार, ठिबक, ट्रॅक्टर असेल तर पेटीचा मोह सोडा. ८ ते २४ एमएमचे फिक्स-रिंग पाने, ८ इंची पक्कड, १२ इंची स्क्रू पाना नि १४ इंची पाईप पाना नावाजलेल्या कारखान्याचे, सुटे घ्या. सगळं एकदम जमत नसेल तर आधी पाने, पक्कड महिन्याभराने.