एले (तमिळ): बाप गेलाय आणि पोराला भूक लागलीये

नेटफ्लिक्सवर बघितला. २०२१चा पिक्चर आहे, दिग्दर्शिका हलिता शमीम. तिचा सिल्लू करुपट्टी आवडला होता म्हणून लावला, बाकी काहीच माहीत नव्हतं.

मुत्तुकुट्टी हा गावात आइस विकणारा माणूस, म्हणजे आपला गारेगारवालाच. एक नंबरचा बिलंदर. तो जातो आणि पोरगा पार्ती गावी येतो, पण त्याला रडूच येत नाही. अख्खं गाव दारात बसलंय, बायका छाती पिटतायत आणि ह्याच्या डोळ्यात टिपूस नाही, उलट पोटात कावळे ओरडतायत. तमिळनाडूत मयताच्या घरी ओप्पारी म्हणतात, गेलेल्या माणसाला हाक मारून, त्याचं कौतुक करत, कधी तक्रार करत गायचं रडगाणं, तर जिथे परकेसुद्धा सुरात रडतात तिथे सख्ख्या पोराचं गप्प बसणं किती डोळ्यावर येत असेल बघा.

मला हे फार पटलं. आमचे आजोबा गेले तेव्हा घरात चूल बंद, शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली, कडू घास म्हणून सगळे दोन घास खाऊन उठले आणि मी गुपचूप अडीच भाकऱ्या हाणल्या. नंतर कितीतरी दिवस वाटायचं आपल्यात काहीतरी खोट आहे. पिक्चरवाले पार्तीला असं दोषी धरत नाहीत, तो बापावर का चिडलाय हे फ्लॅशबॅकमधून हळूहळू कळत जातं आणि गंमत म्हणजे चिडता चिडता आपल्यालाच तो बाप आवडायला लागतो.

समुद्रकनी बाप झालाय, माणूस नुसता चालला तरी हसू येतं. पार्ती म्हणजे मणिकंदन, जय भीममधला राजाकन्नू, ओळखूच येत नाही. गावातल्या बारीकसारीक रोलमधली माणसं तर अगदी खरी वाटतात.

पण अडीच तास जास्तच झाले राव. लव्हस्टोरी आली की गाडी रेंगाळते, मी तेवढ्यात चहा करून आलो तरी काही चुकलं नाही. शेवटाकडे जे होतं ते सांगत नाही, मला थोडं ओढूनताणून वाटलं, बायकोला तेच सगळ्यात जास्त आवडलं, त्यावरून आमचं वाजलं पण.

पाचातले साडेतीन. आणि जेवून मगच लावा.