स्विमसूट: नेहमीचं माप की एक माप लहान?

नेहमीच्या मापाचा स्विमसूट दुकानात झटकन अंगात जातो, बरं वाटतं. पण त्याचं नायलॉन-स्पँडेक्सचं ताणलं जाणारं कापड भिजलं की थोडं सैलावतं. तारकर्लीच्या लाटेत दोन डुबक्या मारल्या की पट्टे घसरतात आणि मागे वाळूची पुरचुंडी जमते! एक माप लहान घेतला, तर कोरडा चढवताना घाम फुटतो, पाण्यात मात्र अंगाबरोबर बसतो. तरीही पट्टे खांद्यात रुतून वळ उठत असतील, तर छाती-कंबर नव्हे, धडाची लांबी चुकलीय. खांद्यावरून टेप पायांमधून फिरवून परत त्याच खांद्यापर्यंत मोजा. लांब धडाच्या बाईनं लहान मापाच्या वाटेला जाऊच नये. मी लहानच घेते. ओला सूट सोलून काढायची कसरत तेवढी सोसते.