कासवाच्या पिल्लाचा डबीतला खाऊ : काय घ्यावं, किती घालावं

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे फिशटँकच्या दुकानात लाल कानाच्या कासवाचं पिल्लू घेतलं की दोन डब्या पुढे येतात. एकीत हिरवट गोळ्या, दुसरीत सुकवलेली बारीक कोळंबी म्हणून विकला जाणारा, कोळंबीसारखा दिसणारा गॅमारस. खपते दुसरी, कारण पिल्लू तिच्यावर तुटून पडतं. पैसे द्यायच्या लायकीची आहे ती पहिली.

सुकी कोळंबी फुकट जाते असं नाही, पण तो खाऊ आहे, जेवण नव्हे. तिच्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. फक्त तिच्यावर वाढवलेल्या पिल्लाच्या पापण्या काही महिन्यांत सुजतात, डोळे मिटतात, आणि समोरचं दिसेना झालं की खाणं सुटतं. मग दुकानातून डोळ्यांचे थेंब आणले जातात. थेंबांनी मूळ कारण जात नाही. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही मनानं द्यायचं नाही, मात्रा जास्त झाली तर कातडी सोलते. तिथं प्राण्यांचा डॉक्टरच हवा. कोळंबीची चटक लागलेलं पिल्लू गोळ्यांकडे ढुंकून बघत नाही. अशा वेळी दोन-चार कोळंबी चुरून ती पूड ओल्या गोळ्यांना चोळावी आणि रोज थोडी कमी करत जावी. धडधाकट पिल्लाला दोन-तीन दिवसांचा उपास बाधत नाही, दया दाखवून डबी उघडू नये.

आता गोळ्या. डबीवरचं कासवाचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिलं नाव माशाच्या भुकटीचं हवं. गहू किंवा मका पहिला असेल तर डबी परत ठेवा. पिल्लासाठी प्रथिनं ३५ ते ४० टक्के हवीत आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट. कॅल्शियमचा आकडाच छापला नसेल तर तो माल आम्ही घेणार नाही. गोळी २-३ मिलिमीटरची हवी, मोठ्या काड्या पिल्लाच्या तोंडात मावत नाहीत, फुटतात आणि पाणी नासवतात. घरी पेलाभर पाण्यात पाच गोळ्या टाकून पाहा : चांगली गोळी दहा-पंधरा मिनिटं फुगून तरंगते, हलक्या प्रतीची गोळी विरघळून पाणी गढूळ करते. काही ठिकाणी मोठ्या पोत्यातला माल प्लॅस्टिकच्या पुडीत सुटा बांधून मिळतो. त्यावर ना तारीख, ना घटक. स्वस्त असला तरी नको.

मात्रा : पिल्लाचं डोकं पोकळ असतं तर त्यात जेवढ्या गोळ्या मावल्या असत्या तेवढ्या, दिवसातून एकदा. कासवाला लाळ नसल्यासारखीच, त्यामुळे ते पाण्यातच गिळतं; कोरड्यावर वाढू नये. टाकीतल्याइतक्याच तापमानाचं पाणी घातलेल्या वेगळ्या टबात पंधरा-वीस मिनिटं खाऊ घालून परत ठेवलं तर टाकीतलं पाणी स्वच्छ राहतं. पायांच्या मुळाशी चरबीच्या वळकट्या दिसल्या की समजावं, जास्त होतंय. पोळी, भात, चुरमुरे, दूध यांतलं काही नको. नुसतं चिकनही नको : त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला.

डबी कितीही चांगली असली तरी तिच्यावरच भागत नाही. आठवड्यातून दोनदा गांडूळ द्यावं, पण निपाणीकडच्या तंबाखूच्या किंवा उसाच्या फवारलेल्या रानातलं नको. शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदाचं पान, लाल भोपळ्याचा किंवा गाजराचा कीस रोज थोडा टाकावा. लहानपणी पिल्लं पाल्याला नाक मुरडतात, तरी सवय लागावी म्हणून टाकत राहायचं. वय वाढेल तसा पाल्याचा वाटा वाढवायचा असतो. पालक आणि माठ टाळा, त्यांतलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, म्हणजे माकुळाच्या अंगातलं वाळलेलं पांढरं कवच. त्याची मागची कडक पाठ काढून मऊ तुकडा पाण्यात सोडला की पिल्लू हवा तेव्हा कुरतडतं.

आणि एवढं करूनही पिल्लाच्या पाठीचं कवच मऊच राहिलं तर दोष बहुतेक उजेडाचा. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, तेव्हा यूव्हीबीचा दिवा १० ते १२ तास लावावाच लागतो. तो प्रकाश देत असला तरी किरण कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षानं बदलायचा. थंडीत पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवणारा हीटर हवा. गार पाण्यात पचन मंदावतं आणि पिल्लू जेवत नाही, दोष मात्र गोळ्यांवर जातो.

मोठी डबी ग्रॅममागे स्वस्त पडते खरी, पण एका पिल्लाला ती संपता संपत नाही. फोडल्यावर जीवनसत्त्वं उतरत जातात आणि आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. लहान डबी घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, ओला हात घालू नका, चार-सहा महिन्यांत संपवा. कुबट वास आला तर शिल्लक असली तरी टाकून द्या. आणि खाऊ घातल्यावर हात साबणानं धुवा, टब मोरीत धुवा, स्वयंपाकघरात नाही : कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.