नौपाड्यातील लॅटिन अमेरिका अभ्यासवर्ग : हैती उत्तम, मेक्सिको उरकलेला

ठाण्यात नौपाड्यातील एका लहानशा सभागृहात शनिवारी संध्याकाळी भरणारा, लॅटिन अमेरिकेतील क्रांत्या आणि राजकीय हिंसाचार यांवरील सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. जाहिरातीवर क्यूबाच्या क्रांतीतील नेता चे गेव्हारा याचे चित्र असल्यामुळे सुरुवात क्यूबापासून होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती हैतीपासून झाली, आणि या वर्गाचे खरे मोल मला तिथेच दिसले.

फ्रान्सची वसाहत असलेल्या हैतीत १७९१ मध्ये उसाच्या मळ्यांवरील गुलामांनी केलेला उठाव, १८०४ चे स्वातंत्र्य आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौकांच्या धाकावर हैतीच्या गळी उतरवलेली १५ कोटी फ्रँकची भरपाई, हे सारे व्याख्यात्यांनी घाई न करता मांडले. १८१६ मध्ये हैतीचे अध्यक्ष पेत्यों यांनी दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार याला शस्त्रांची आणि माणसांची मदत दिली ती गुलामांना मुक्त करण्याच्या अटीवर. मात्र नव्या प्रजासत्ताकांची एकजूट साधण्यासाठी १८२६ मध्ये पनामात परिषद भरली, तेव्हा हैतीला निमंत्रणच नव्हते. ‘आपण’ म्हणजे कोण, हा त्या खंडाचा प्रश्न रक्त सांडून झाल्यावरही कसा अर्धवट राहिला, हे मला या एका प्रसंगातून जितके कळले तितके पुढच्या कोणत्याही व्याख्यानातून कळले नाही.

अर्जेंटिनावरील सत्रही तोलामोलाचे होते. १९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनोस आयर्समधील प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. घोळका करून उभे राहण्यास मनाई असल्याने पोलिसांनी त्यांना चालत राहायला सांगितले, म्हणून त्या चौकातच फेऱ्या मारू लागल्या. पडद्यावरील छायाचित्रात त्यांच्या डोक्यावरचे पांढरे रुमाल दाखवून, सुरुवातीला ते मुलांच्या लंगोटांच्या कापडाचे होते, एवढेच सांगून व्याख्याते थांबले. सभागृहातील पंख्यांची एरवी त्रासदायक वाटणारी घरघर त्या वेळी कोणाच्या लक्षातही आली नसावी.

त्यामानाने मेक्सिको फारच उरकला. १९१० ची क्रांती, जमिनीच्या फेरवाटपाला आधार देणारी १९१७ ची राज्यघटना आणि १९१९ मधील शेतकरी नेता झापाता याची हत्या एकाच सत्राच्या उत्तरार्धात कोंबली होती. वर्ध्याचे, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीतील क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांचा उल्लेख तर जेमतेम दोन वाक्यांत आटोपला. मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवणारा, मक्यावर संशोधन करणारा आणि मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात स्थान मिळवणारा हा माणूस ठाण्यातल्या मराठी श्रोत्यांपुढे इतका झटपट हातावेगळा करावा, याचे मला नवल वाटले. कोलंबियाची गतही फारशी वेगळी नव्हती. १९४८ मधील उदारमतवादी पक्षाचा नेता गायतान याच्या हत्येवरून थेट सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातील २०१६ च्या शांतता करारावर उडी घेतली गेली.

दीड हजार रुपये शुल्कात चहा आणि छापील टिपणे मिळतात. टिपणांतील नकाशे इतके पुसट आहेत की घरून स्वतःचा नकाशा आणलेला बरा. सभागृह स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. चे गेव्हाराच्या ओढीने येणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे की क्यूबाची पाळी बरीच उशिरा येते. पुढील तुकडीत मेक्सिकोसाठी एक संध्याकाळ राखून ठेवण्याची सूचना मी अभिप्रायपत्रात लिहून दिली आहे. संयोजकांनी ती मानली, तर तेवढ्या सत्रासाठी मी पुन्हा पैसे भरेन.